करडे गावचा बहिष्कार आणि अहवालातला ‘दंगा’

शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांतून आज मंडळी आली आहेत, त्यामुळे गावांची नावं समजावून सांगत बसायची गरज नाही. सुपं कुठे, पाटस कुठे, करडे कुठे हे आमच्यापेक्षा तुम्हांलाच जास्त माहीत. एवढंच लक्षात ठेवा की १८७५ साली दौंड नावाचा तालुका नव्हता. आजचा दौंड आणि आजचा बारामती हे दोन्ही तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात होते. सुपं आज बारामतीत आहे, पण त्या काळच्या कागदात ते भीमथडीत सापडतं.

आजचा विषय ‘दख्खनचे दंगे’. हे नाव आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलं आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात जमलेल्या लोकांनी सावकारांच्या घरांवर हल्ला केला, खतं आणि वह्या जाळल्या, आणि मग हे लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं, इतकं बहुतेकांना सांगता येतं. आम्ही आज ही गोष्ट पुन्हा सांगणार नाही. आम्हांला बोलायचंय ते ही गोष्ट ज्या पुस्तकातून आपल्याकडे आली त्या पुस्तकाबद्दल. म्हणजे ‘डेक्कन रायट्स कमिशन’चा अहवाल. सरकारने १८७५ साली आयोग नेमला, आणि त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. साक्षी, तक्ते, कर्जाचे आकडे, नमुन्याची खतं, सगळं त्यात आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी खेड्याबद्दल इतकी दाट माहिती देणारी पुस्तकं फार थोडी आहेत. म्हणूनच त्याच्याशी भांडण काढणं भाग आहे. टाकाऊ पुस्तकाशी कोण भांडतं?

भांडण नावावरूनच सुरू होतं. ‘रायट’ हा शब्द पोलिसांचा आहे. फौजदारी कायद्यात जमाव किती जणांचा, हत्यारं होती का, आग लागली का, असल्या गोष्टी बघून तो लावतात. मराठीत आपण ‘दंगा’ म्हटलं आणि पुढे गेलो. पण ज्या गावात हे सगळं सुरू झालं असं अहवाल स्वतः सांगतो, त्या करडे गावात दंगा झालाच नव्हता. तिथे झालं ते वेगळंच. लोकांनी काम बंद केलं.

आता जरा तपशिलात जाऊ. १८७४चा डिसेंबर. शिरूर तालुक्यातलं करडे. तिथे काळूराम नावाचा मारवाडी सावकार, आणि बाबासाहेब देशमुख नावाचे गावातले वजनदार गृहस्थ, पण कर्जात बुडालेले. काळूरामने देशमुखांवर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं घर पाडायला घेतलं. देशमुखांनी विनवण्या केल्या, पैसे देऊ केले, भाडं देऊ केलं. सावकार ऐकेना. गाव बिथरलं. बिथरलं म्हणजे काय केलं? कोणी काळूरामला मारलं नाही. गावाने ठरवलं की परक्या सावकारांची जमीन कसायची नाही, त्यांच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, त्यांच्या घरी चाकरी करायची नाही. न्हाव्याने हजामत करायची नाही, पाणक्याने पाणी भरायचं नाही. हे लोण आजूबाजूच्या गावांत गेलं. मार्च-एप्रिलपर्यंत बऱ्याच ठिकाणी सावकारांना गावात राहणं अशक्य झालं आणि काहींनी मालमत्ता घेऊन तालुक्याच्या गावाकडे सरकायला सुरुवात केली.

म्हणजे डिसेंबर ते मे, जवळजवळ पाच महिने, या भागात जे चाललं होतं त्याला आजच्या भाषेत संप म्हणतात, बहिष्कार म्हणतात, असहकार म्हणतात. हवा तो शब्द घ्या. ते शांततेत झालं, गावोगाव ठरवून झालं, आणि ते कामाच्या बळावर उभं होतं. अहवाल हे लपवत नाही. तो सगळं नोंदवतो, तेही बारकाईने. पण त्याची मांडणी अशी की हे पाच महिने म्हणजे प्रस्तावना, आणि खरी घटना १२ मेला सुरू होते. आग लागली की घटना. त्याआधी नुसतं वातावरण तापत होतं.

असं का होतं? आम्हांला वाटतं, याचं कारण अहवालाच्या विषयातच आहे. आयोगाला शोधायचं होतं ते शेतकरी कर्जबाजारी का झाला हे. म्हणून प्रत्येक माणूस अहवालात ऋणको म्हणून किंवा धनको म्हणून येतो. कष्टकरी म्हणून कोणी येत नाही. कुणबी येतो तो किती रुपयांनी बुडालाय हे सांगायला. न्हावी, पाणक्या, सुतार, चांभार, महार यांना सावकाराचं कर्ज असो-नसो, ते त्या तक्त्यात बसतच नाहीत. आणि करडे गावात तर वस्तरा थांबला होता, घागर थांबली होती, नांगर थांबला होता. जे थांबलं ते मोजायला अहवालाकडे माप नव्हतं.

पण गंमत बघा, त्याच अहवालात एक कागद आहे ज्यात हे सगळं उघडं पडतं. नमुन्यादाखल छापलेला करारनामा आहे तो. एक शेतकरी आपल्या लोखंडी आसाच्या दोन गाड्या कर्जापोटी सावकाराला विकतो, आणि त्याच कागदात त्या गाड्या महिना चार रुपये भाड्याने परत घेतो. गाडी तीच. बैल तोच. हाकणाराही तोच. कालपर्यंत ती स्वतःची होती, आजपासून तिच्यावर भाडं. जमिनीचंही तसंच. खरेदीखत करून द्यायचं आणि त्याच शिवारात कूळ म्हणून राबायचं. अर्थशास्त्राच्या वर्गात याला कर्जाचा व्यवहार म्हणतील. नीट वाचलं तर हा श्रमाचा व्यवहार आहे. त्या माणसाचे पुढच्या कित्येक वर्षांचे हातपाय त्या कागदाने बांधले गेले. म्हणूनच करडे गावच्या लोकांनी पहिली गोष्ट थांबवली ती पैसे देणं नव्हे. पैसे तर तसेही नव्हतेच. त्यांनी सावकाराची जमीन कसणं थांबवलं.

इथे थोडं मागे जाऊन एक गोष्ट सांगायला हवी, कारण तुमच्यातले बरेच जण रेल्वेतले किंवा रेल्वेच्या घरातले आहात. पुण्याहून यवत, केडगाव, पाटस, दौंडवरून सोलापूरच्या दिशेने लोहमार्ग टाकला गेला तो १८५८-५९च्या सुमारास. त्या कामावर रोख मजुरी मिळत होती, गाडी-बैलाला भाडं मिळत होतं. लागोपाठ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, कापसाचा भाव चढला, सावकार हात सैल करून उधार देऊ लागले. १८६५ला युद्ध संपलं, भाव कोसळला. त्याच सुमारास जुन्या तीस वर्षांच्या सारापद्धतीची मुदत संपून नवे वाढीव दर लागू झाले. इंदापुरात पहिली पाहणी १८३६ची, म्हणजे हिशेब करा. मजुरी आटली, उधारी आटली, सारा वाढला. यातलं सारा वाढल्याचं कारण आयोगाने फारसं मान्य केलं नाही. दोष सावकारावर गेला. आयोगातलेच एक सदस्य ऑकलंड कॉल्विन यांनी मात्र वेगळं टिपण लिहून महसुलाकडे बोट दाखवलं. सरकारी अहवालात असं दुसरं मत छापलं जातं, ही त्या काळच्या नोकरशाहीची जमेची बाजू म्हणायची. आज किती अहवालांत असं सापडतं, ते तुम्हीच बघा.

आता अवघड भागाकडे येऊ. आत्तापर्यंत आम्ही ‘संप’ म्हणालो तेव्हा तुमच्यातल्या काहींच्या मनात शंका आली असणार. संप कोणाचा? न्हाव्याने हजामत करायची नाही हे न्हाव्याने ठरवलं, की पाटलाने?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला अहवालात एक चांगलं साधन आहे. इंदापूर तालुक्यातल्या कळस गावच्या लोकांनी केलेलं समापत्र. समापत्र म्हणजे सगळ्यांनी मिळून मान्य केलेला ठराव. आपल्या हातात आहे ते त्याचं इंग्रजी भाषांतर. त्याचा आशय असा की गुजर सावकारांची शेती कोणी करू नये, त्यांच्याकडे कोणी चाकरीला राहू नये. जो हे मोडील त्याला जातीच्या जेवणावळीत बसू द्यायचं नाही, त्याच्याशी सोयरीक करायची नाही. आणि न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार अशा बलुतेदारांनी सावकारांचं काम करू नये.

हे वाचताना दोन गोष्टी एकदम दिसतात. पहिली, हा अत्यंत नेमका दस्तऐवज आहे. त्यात आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. गावगाडा कोणाच्या हातांवर चालतो याची ती अचूक यादी आहे. कुठल्याही अर्थशास्त्रज्ञाने मराठी खेड्यातल्या श्रमाची इतकी नेटकी यादी तोवर केलेली नसेल. सावकाराला जगायला कोण कोण लागतं हे गावाला बरोबर माहीत होतं.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. धाक कशाचा घातलाय? जेवणावळीचा, सोयरिकीचा. म्हणजे वाळीत टाकण्याचा. ज्या हत्याराने गाव शतकानुशतकं आपल्यातल्याच माणसाला सरळ करत आलं, तेच हत्यार आता सावकारावर उगारलं, आणि ते उगारताना बलुतेदाराला त्याची संमती विचारली असेल असं मानायला जागा कमी आहे. बलुतेदाराचं पोट गावाच्या खळ्यावर अवलंबून. सुगीला पेंढी आणि धान्याचा वाटा द्यायचा की नाही हे कुणब्याच्या हातात. सावकार रोख पैसे देणारं गिऱ्हाईक होता. त्या न्हाव्याच्या घरात त्या दिवशी काय बोलणं झालं असेल? गावाच्या बाजूने उभं राहिलो याचा अभिमान असेल, नाही कोण म्हणतं. पण दोन पैसे बुडाले याची चुटपूटही असेल, आणि नाही म्हणण्याची सोय नाही हे तर पक्कंच माहीत असेल.

बाबासाहेब देशमुखांचंही तसंच. ते मोठ्या घराण्यातले. शेतमजुराचं घर जप्तीत गेलं असतं तर गाव असंच उठलं असतं का? अशी घरं काय कमी गेली होती तोवर? आमच्या मते, देशमुखाच्या घराला हात लागला म्हणून गावातल्या वरच्या थराने पुढाकार घेतला, आणि खालच्या थराच्या कामाच्या जोरावर तो यशस्वी केला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीमुळे दुसरी खोटी ठरत नाही. काही अभ्यासक पहिलीच धरून बसतात आणि म्हणतात, हा गावच्या वरचढांचा आणि परक्या सावकारांचा सत्तेचा झगडा. रवींदर कुमार यांच्या १९६८च्या पुस्तकाचा कल साधारण तिकडे आहे. काही दुसरीच धरतात आणि शेतकऱ्यांच्या एकजुटीचे पोवाडे गातात. पण त्या समापत्रात बलुतेदारांची यादी आहे, आणि ती यादी वाचल्यावर दोन्ही मतं अपुरी वाटायला लागतात.

हे आम्ही लावून धरतोय त्याला कारण आहे. पुढे पन्नासेक वर्षांनी हेच हत्यार कोणावर चाललं ते आठवा. महार समाजाने गावकीची बिनमोल कामं नाकारायला सुरुवात केली, पाणवठ्यावर हक्क सांगितला, तेव्हा गावोगाव त्यांच्यावर बहिष्कार पडले. मजुरी बंद, दुकान बंद, वाट बंद. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीने, ज्या समितीवर डॉ. आंबेडकर होते, या सामाजिक बहिष्काराची दखल घेतली. बाबासाहेबांनी पुढे कितीतरी ठिकाणी या बहिष्काराबद्दल लिहिलं. म्हणजे १८७४च्या करडे गावात जे सावकाराविरुद्ध झालं आणि १९२०-३०च्या दशकात जे महारवाड्याविरुद्ध झालं, त्याचं यंत्र एकच. कामगार चळवळीचा इतिहास लिहिताना करडे गावचं नाव घ्यावं असं आम्हांला मनापासून वाटतं. पण हे दुसरं पान फाडून घेतलेलं नाव आम्हांला नको. आणि तुम्हांलाही, कोरेगाव भीमा ज्या तालुक्यात आहे त्या तालुक्यात बसून, ते चालेल असं वाटत नाही.

बरं. मे महिन्याकडे येऊ. हा भाग तुम्हांला माहीत आहे म्हणून थोडक्यात. सुप्याला बाजाराच्या दिवशी उठाव झाला. चोवीस तासांच्या आत चौदाएक मैलांवरच्या दुसऱ्या गावात प्रमुख मारवाड्याच्या गंजी आणि घर पेटलं. शिरूर तालुक्यातही गावं उठली. बहुतेक ठिकाणी लोकांनी एकच गोष्ट मागितली: कागद. कागद मिळाले की जाळले आणि परत गेले. कागद दिले नाहीत तिथे मारहाण झाली. अशा काही थोड्या ठिकाणांत शिरूरमधलं एक गाव आहे, जिथे एका गुजर सावकाराचा पाय मोडला, आणि जळत्या घरातून त्याला बाहेर काढलं ते शेजाऱ्यांनी. इंग्रजी कागदात त्या गावाचं नाव ‘डामरे’ असं पडलंय. ते धामारीच असावं असं आमचं मत आहे. नाव लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

आकडे असे: पुणे जिल्ह्यात ५५९ जणांना अटक, त्यांतले ३०१ जण दोषी. नगर जिल्ह्यात ३९२ अटकेत, २०० दोषी. एकूण ९५१ आणि ५०१. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ साली एक लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच ‘मिथक’ हा शब्द आहे. त्यांचं म्हणणं, दंग्यांची व्याप्ती आणि परिणाम फुगवून सांगितले गेले. जिथे प्रत्यक्ष आग लागली ती गावं मोजली तर त्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. पण मोजायचं काय, हेच तर ठरवायचंय ना! जाळपोळ झालेली गावं मोजली तर प्रकरण छोटं होतं. काम थांबलेली गावं मोजली तर? रणजित गुहांनी १९८३च्या आपल्या पुस्तकात सरकारी कागदांना उलटं वाचायचं शिकवलं, आणि आमची पद्धतही तिथूनच आली हे कबूल. तरी त्यांचंही लक्ष बंडाकडे, उठावाकडे जास्त. वस्तरा खाली ठेवणारा न्हावी तिथेही कडेलाच राहतो.

एक अफवा मात्र सांगायलाच हवी, कारण ती फारच बोलकी आहे. लोकांत अशी बातमी होती की मारवाड्याने कोणा एका साहेबाला कर्जात लुबाडलं, त्याने विलायतेत राणीकडे दाद मागितली, आणि राणीने हुकूम काढलाय की सावकारांनी सगळी खतं परत द्यावीत. अहवाल याला भाबडेपणा समजतो. असेलही. पण बघा, त्या अफवेत लुबाडला गेलेला कोण आहे? साहेब. आपल्यावर अन्याय झाला हे सरकारला पटत नाही, निदान त्यांच्यातल्या एकावर झाला तर पटेल, इतका चोख हिशेब त्या भाबड्या लोकांनी केला होता.

आता दुष्काळ. १८७६चा पाऊस गेला आणि पूर्वेकडचे तालुके, तुमचे हेच, होरपळले. सरकारने दुष्काळी कामं काढली. खडी फोडणं, रस्ते, तलाव, कालवे. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला, त्याच्या मातीकामावरही दुष्काळी मजूर राबले. दौंड जंक्शनवर गाडी बदलताना हे कोणाच्या डोक्यात येत नाही, आमच्याही येत नव्हतं. मजुरीचा नियम असा होता की पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. जानेवारी १८७७ मध्ये हिंदुस्थान सरकारच्या हुकुमाने, रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीनुसार, वरचा आणा अर्धा झाला. एक पौंड म्हणजे अर्धा किलोही नाही. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाचं, आणि त्याच्या मागे घरी असलेल्यांचं, यात काय भागणार? शिवाय लोकांना गावाजवळच्या छोट्या कामांवरून उठवून लांबच्या मोठ्या कामांवर पाठवायला सुरुवात झाली. ज्याला खरंच गरज असेल तो लांब जाईल, अशी ती कसोटी.

आणि लोकांनी काम सोडलं. उपाशी माणसांनी संप केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या सभेने, गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. माईक डेव्हिस यांनी २००१ साली दुष्काळांवरच्या आपल्या पुस्तकात या संपाची दखल घेतली, तोवर इंग्रजी वाचणाऱ्या जगाला तो फारसा ठाऊक नव्हता. मराठीत तर तो अजूनही परिशिष्टात आहे.

सरकारी वाचन काय होतं ते ऐका. कामावरची संख्या घटली, त्याअर्थी लोकांना मदतीची तेवढी गरज नव्हती! करडे गावात काम थांबलं तेव्हा ती नुसती पूर्वपीठिका ठरली. दुष्काळात काम थांबलं तेव्हा तो गरज नसल्याचा पुरावा ठरला. दोन्ही वेळा ‘नाही’ म्हणणारा माणूस समोर उभा आहे आणि कारकून त्याच्या नावापुढे काहीतरी भलतंच लिहितोय. जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’चं मोल आम्हांला इथे वाटतं. १८८३चं ते लेखन. त्यांच्या सगळ्या निदानांशी सहमत व्हायची गरज नाही, आम्हीही नाही. पण कुणब्याचं घर, त्याची भाकरी, त्याच्या बायकोचे राबते हात, हे त्यांच्या पानांवर आधी येतं आणि कर्जाचा आकडा नंतर. आयोगाचा अहवाल आणि असूड शेजारी ठेवून वाचा, फरक दहा पानांत कळेल.

राहिले वासुदेव बळवंत. फेब्रुवारी १८७९ मध्ये त्यांनी पहिला दरोडा घातला तो शिरूर तालुक्यातल्या धामारीवर. हो, तीच धामारी. ‘आद्य क्रांतिकारक’ म्हणून त्यांचे पुतळे आहेत, असायलाच हवेत. पण त्यांच्या चरित्रांत त्यांच्याबरोबरचे रामोशी केवळ साथीदार म्हणून येतात. रामोशांचं गावच्या राखणीचं काम, त्याचा मोबदला, हा सगळा व्यवस्थेचा भाग कंपनी सरकारपासून मोडत आलेला होता. चार वर्षांपूर्वीचा उठाव आणि दोन वर्षांचा दुष्काळ त्यांच्या घरावरून गेला होता. दौलतराव नाईक आणि त्यांची माणसं कोणत्या हिशेबाने त्यात उतरली, हा प्रश्न चरित्रकार विचारत नाहीत. फडक्यांनीही आपल्या आत्मकथनात या माणसांच्या पैशाच्या ओढीबद्दल नाराजी लिहून ठेवली आहे. आम्हांला ती नाराजी प्रामाणिक वाटते, पण न्याय्य वाटत नाही. पुण्यात लष्करी हिशेबखात्यात पगारी नोकरी केलेल्या माणसाला मोबदल्याची अपेक्षा हीन वाटू शकते. ज्याचा मोबदला कोणीतरी काढून घेतलाय त्याला ती हीन का वाटावी?

तरी फडक्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मे १८७९च्या त्यांच्या जाहीरनाम्यात काय मागितलं होतं? कर कमी करा, मोठ्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार कापा, आणि गोरगरिबांना कामं काढून द्या. स्वराज्याचा उद्घोष करणाऱ्या माणसाच्या जाहीरनाम्यात रोजगाराची मागणी आहे. ती पुतळ्याखालच्या पाटीवर येत नाही.

त्याच १८७९ साली ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’ आला. पुणे, सातारा, नगर, सोलापूर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती हे तपासता येऊ लागलं, खतं गावपातळीवर नोंदवणं आलं, कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं थांबलं. हा मोठा बदल होता, आणि करडे-सुप्याच्या लोकांनी तो घडवून आणला असं म्हणायला काही हरकत नाही. पण कायदा वाचा. त्यात ऋणको आहे, धनको आहे, खत आहे, व्याज आहे. मजुरीचा दर नाही. बलुत्याचा वाटा नाही. त्या भाड्याने घेतलेल्या दोन गाड्यांचा मालक कोण, हे आता न्यायालय तपासणार होतं. त्या हाकणाऱ्याच्या दिवसाची किंमत काय, हे मात्र कोणी तपासणार नव्हतं.

करडे गावापासून रांजणगावची औद्योगिक वसाहत हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या ठेक्यावरच्या मजुरांनी काम थांबवलं की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘दगडफेक’ हा शब्द किती ओळींनंतर येतो, आणि काम का थांबलं हे किती ओळींनंतर, ते एकदा मोजून बघा. आपल्याकडे अजून अर्धा तास आहे. मंडळींपैकी ज्यांनी आपल्या घरातली जुनी खतं किंवा बलुत्याच्या याद्या बरोबर आणल्या आहेत, त्यांनी पुढे यावं. आधी त्या वाचू.